तो ठोका इंजिनाचा नव्हता

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथे उभा होतो. हात ग्रीसने बरबटलेले होते आणि डोकं ठिकाणावर होतं.

रात्र वगैरे काही नव्हती. टळटळीत दुपार होती. सुट्टीचा दिवस. आजूबाजूची सगळी दुकानं बंद. आमच्या पत्र्याच्या गॅरेजात आम्ही दोघंच... मी आणि माझा मोठा भाऊ.

दादाला सगळे ‘कानसेन’ म्हणतात. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तो तिचं दुखणं सांगतो. वहिनी म्हणते, "इंजिनाची कुजबुज ऐकू येते, माझी हाक तेवढी ऐकू येत नाही!"

त्या दुपारी एक ट्रक आला. थरथरत, ठोकत.

चालवणारा तरुण खाली उतरला. "चार ठिकाणी दाखवला. सगळे एकच सांगतात. कॅमशाफ्ट बाहेरचा आहे, कंपनीचा नाही. काढून फेका."

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा दांडा. तो बिनसला की अख्खं इंजिन बिनसतं.

"मग काढला का नाहीस?" दादाने विचारलं.

"ताई नाही म्हणते. माझ्या दाजींनी तो स्वतःच्या हाताने बसवलाय. दाजी मागच्या हिवाळ्यात गेले. ट्रक आता ताईचा आहे."

 दादा झाकण उघडून कामाला लागला.

टॅपेटचे गॅप, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या बारीक फटी, चुकीचे होते. कॅमशाफ्ट बाहेरचा आणि गॅप ठेवलेला कंपनीच्या मापाचा. मग थरथरणारच! दादाने एकेक गॅप नीट लावला. इंजिन चालू केलं.

थरथर थांबली.

पण ठोका राहिला.

ठक... ठक-ठक... ठक.

दादाने सिलिंडरला डिझेल देणारे इंजेक्टरचे पाइप एकेक करून ढिले केले. ज्याचा पाइप ढिला करावा तो सिलिंडर बंद पडायचा, इंजिनाचा आवाज बसायचा, ठोका मात्र तसाच. म्हणजे सगळे सिलिंडर ठणठणीत. कॅमशाफ्टही तपासला. कुठे झिजलेला नाही, कुठे वाकडा नाही.

"रेस दे," दादा मला म्हणाला.

मी रेस दिली. इंजिन गर्जायला लागलं.

दादाच्या कपाळावर आठी पडली.

"अजून दे."

मी अजून दिली... आणि मलाही कळलं.

इंजिनाचा ठोका इंजिनाबरोबर पळतो. इंजिन जोरात, तर ठोकाही जोरात. हा मात्र पळत नव्हता. इंजिन कानठळ्या बसवत होतं, आणि ठोका आपला आपल्याच चालीने...

ठक... ठक-ठक... ठक.

दमल्यासारखा.

"बंद कर," दादा म्हणाला.

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. गॅरेजात शांतता पसरली.

ठक...

ठक-ठक...

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी उडी मारून खाली उतरलो. ट्रकमध्ये आता कोणीच नव्हतं. दार माझ्यामागे आपटून बंद झालं.

दादाने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला. आम्ही असंच ऐकतो. इंजिनावर काही नाही. चासीच्या सांगाड्यावर थोडंसं. मग केबिनच्या मागच्या पत्र्यावर टोक टेकवलं...

आणि तो झटक्याने मागे सरला.

मी दादाला घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्याने पत्र्यावर तळहात ठेवला. मीही ठेवला.

आतून कोणीतरी मारत होतं. हाताला कळत होतं.

"तुझ्या ताईला बोलाव," दादा त्या तरुणाला म्हणाला. आवाज खोल गेला होता.

ती जवळच राहायची. लगेच आली. पदराला हात पुसत, रागातच.

"कॅमशाफ्टला हात लावायचा नाही, सांगितलं होतं ना मी..."

ठक... ठक-ठक.

ती जागच्या जागी थिजली.

 मग ती पत्र्याकडे बघतच बोलायला लागली.

"हे सीटमागच्या बर्थवर झोपले होते. ट्रकतळावर. थंडी म्हणून इंजिन चालू ठेवलेलं. छातीत कळ आली असणार... उठता आलं नाही. हात तेवढा पत्र्यापर्यंत पोचला. नंतर तिथली माणसं मला म्हणाली, ‘आवाज येत होता हो. पण आम्हाला वाटलं, इंजिन ठोकतंय.’"

तिचा भाऊ मटकन खाली बसला.

मला वाटलं, ती आता किंचाळेल. पळून जाईल. मी तर पळण्याच्याच बेतात होतो.

पण ती पुढे गेली. केबिनचं दार सताड उघडलं.

"अहो... उतरा आता. मी आलेय."

ठोका थांबला.

मग ट्रक हलला. अगदी थोडासा. जड माणूस पायरीवर उतरताना गाडी त्या बाजूला कलते ना... तशी कलली. आणि सावकाश सरळ झाली.

पायरीवर कोणीच नव्हतं.

तिने हात पुढे केला होता. आधार द्यायला करतो तसा. ती वळली आणि चालायला लागली. हळूहळू. येताना तरातरा आलेली बाई जाताना पावलापावलाला थांबत होती. दम लागलेल्या माणसाला सोबत करत चालावं, तशी.

आमच्यातल्या कोणीच तिला हाक मारली नाही.

ऊन कलल्यावर दादाने इंजिन पुन्हा चालू केलं. लोण्यासारखं चाललं. कॅमशाफ्ट तोच होता, बाहेरचा. ट्रक आजही त्याच्यावरच पळतोय, कसली तक्रार नाही.

लोक म्हणतात, तुम्हाला भास झाला असेल. तिघाचौघांना एकच भास होतो? मला नाही माहीत. दादा तर या विषयावर तोंडच उघडत नाही.

त्या बाईच्या घरावरून माझा रोजचा रस्ता होता. तिचं दार आता दिवसभर उघडं असतं. परवा जाताना ती उंबऱ्यात बसलेली दिसली. घरात बघून काहीतरी बोलत होती. हसत होती.

माझ्याकडे लक्ष गेलं तशी म्हणाली, "या ना भाऊ, आत या. हे आहेत घरात."

मी आत पाहिलं नाही.

आता मी लांबच्या रस्त्याने जातो.