खालचा सूर

यात पदरचं काही घातलेलं नाही. बरंचसं मामाने सांगितलेलं आहे आणि शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. थापा मारणं त्याला जमत नाही. गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नसली तर तेही तोंडावर सांगून मोकळा होतो, धंदा गेला खड्ड्यात.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं आपण समजतो. ही रविवार सकाळची आहे. लख्ख ऊन होतं, खिडक्या सताड उघड्या होत्या. खाली फायर ब्रिगेडचे लोक बंब धूत होते आणि वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मामाचा बँड वाजत होता.

बँड हौशी लोकांचा. ट्रॉम्बोनवर बेकरीवाला, सॅक्सोफोनवर दवाखान्यातल्या नर्सबाई, ट्रम्पेटवर पोस्टातला कारकून, फ्लूटला शाळकरी मुली. क्लॅरिनेटवर मामी. दोघांची ओळखच त्या हॉलमध्ये झालेली. मामा समोर उभा राहून हाताने ठेका द्यायचा.

आणि सगळ्यात मागे, ट्युबा घेऊन, ड्रायव्हरकाका.

ट्युबा म्हणजे मांडीवर घ्यायचं ते भलंमोठं पितळी वाद्य. त्याचा सूर सगळ्यात खालचा. तो वाजतोय हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण थांबला की पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं होतं.

काका आयुष्यभर सिटी बस चालवून रिटायर झालेला. मामाला चिडवायचा, "मास्तर, हात तुम्ही हलवा. गाडी मी चालवतो."

एकच खोड होती. वयाने दम पुरेना, तसा तो रेंगाळायला लागला होता. मामा बँडला पुढे ओढायचा, काका मागे. मग सगळे हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

थंडीच्या दिवसांत काका गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

ट्युबा बँडच्या मालकीचा. काकाच्या मुलीने तो पेटीत घालून हॉलवर आणून दिला. पेटी कोपऱ्यात राहिली.

पुढच्या रविवारी मामाने एक सोपा मार्च, म्हणजे कवायतीची धून, वाजवायला काढला. छोट्या बँडसाठी लिहिलेल्या संगीतात एक सोय असते. जो वाजवणारा नसेल, त्याचे सूर दुसऱ्या कुणाच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेले असतात. मामाने बेकरीवाल्याला सांगितलं, तुझ्याकडचे बारीक सूर तूच वाजव, ट्युबाची उणीव भरून निघेल.

मार्च सुरू झाला.

उणीव भरून निघाली. चांगलीच.

संपल्यावर मामाने बेकरीवाल्याला शाबासकी दिली. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मास्तर," तो म्हणाला, "माझा कागद सुरुवातीलाच खाली पडला. मी काहीच वाजवलं नाही."

सगळ्यांनी एकदम मागे पाहिलं...

पेटी बंद होती. कड्या लावलेल्या होत्या.

त्या दिवशी प्रॅक्टिस लवकर आटोपली. पण पुढच्या रविवारी सगळे आले. मामा म्हणतो, तिथेच आमचं चुकलं. कुणीतरी न येण्याचं धाडस करायला हवं होतं.

कारण बँड कधी नव्हे इतका छान वाजायला लागला होता. फ्लूटच्या मुली नेहमी बेसूर व्हायच्या, त्या सुरात आल्या. कारकुनाचा ट्रम्पेट वरच्या सुरावर फाटायचा, तो फाटेना. खालून कुणीतरी भक्कम हात दिल्यासारखं सगळ्यांना वाटायचं. त्या हाताबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मामीने काढला. घरी जाताना वाटेत ती म्हणाली, "काकांना आता जाऊ दे. नवा माणूस बघ."

मामाने बघितला. पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्या एक बाई होत्या, तरुणपणी ट्युबा वाजवलेल्या. छाती म्हणजे भाता. त्यांनी पेटी उघडली, ट्युबा मांडीवर घेतला, पोटभर श्वास घेतला आणि फुंकला.

आवाज नाही.

पुन्हा फुंकला. गाल फुगले, मान लाल झाली. तरी काही नाही. मग त्यांनी झटकन तोंड मागे घेतलं...

त्या ओठांवरून हात फिरवत बसल्या. बऱ्याच वेळाने मामाला हळूच म्हणाल्या, "आतून कुणीतरी फुंकतंय. गरम आहे."

बाई परत आल्या नाहीत. आणि मामाने दुसरं कुणी शोधलं नाही.

त्याला मोह पडला होता. उन्हाळ्यात बागेतल्या मंडपात बँडचा कार्यक्रम असायचा. मामाच्या कपाटात एक मोठी रचना कित्येक वर्षं पडून होती. हौशी लोकांच्या आवाक्यातली नव्हेच. या वर्षी ती जमेल असं त्याला वाटलं. मामीने विरोध केला, अबोला धरला. तो म्हणाला, एकदाच, मग बघतो काय ते.

रचना जमत गेली. पण एका रविवारी मामाच्या लक्षात आलं की त्याचा हात पुढे जातोय आणि बँड मागे राहतोय.

त्याने ठेका वाढवला. बँड तिथेच.

त्याने तळहात समोरच्या स्टँडवर आपटला. कुणी वर बघेना. सगळ्यांचे डोळे कागदावर, पण खांदे मात्र थोडेसे मागे झुकलेले... मागच्या रांगेकडे कान लावल्यासारखे.

त्या दिवशी घरी आल्यावर मामीने अबोला सोडला.

"मी मुद्दाम रेंगाळत नाहीये," ती म्हणाली. "बोटं ऐकत नाहीत. श्वाससुद्धा तो खालचा सूर घेऊ देईल तेव्हाच घेता येतो."

मामाने तिचा हात हातात घेतला आणि कार्यक्रम रद्द करतो म्हणाला. खरंच म्हणाला होता. पण छापील पत्रकं वाटून झाली होती, मुलींचे आईबाप पाहुण्यांना घेऊन येणार होते. बंद पाडायचं कसं, कुणाला काय सांगायचं? राहून गेलं.

कार्यक्रम संध्याकाळी, उजेड असतानाच होता. मंडप भरलेला. मामाने त्या वेळी ट्युबा हॉलवरच ठेवला होता, पेटीला कुलूप घालून.

पहिल्याच सुराला खालून साथ आली.

सुरुवात झकास झाली. अर्ध्यावर आल्यावर चाल मंदावायला लागली. लोकांना वाटलं, रचनाच तशी आहे. कुणी डोळे मिटून मान डोलावत होतं. मामाला मात्र समोरची तोंडं दिसत होती. बेकरीवाला लालबुंद. नर्सबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि सॅक्सोफोन तोंडातून सुटत नव्हता.

कसाबसा शेवटचा सूर आला. मामाने मूठ मिटून हात खाली आणला. थांबा, अशी खूण.

कुणी थांबलं नाही.

सूर चालूच. लांबत गेला... लांबत गेला...

आधी मुली सुटल्या, खोकत, एकमेकींना धरत. मग नर्सबाई. मग कारकून. बेकरीवाल्याने ट्रॉम्बोन भिरकावूनच दिला. सगळे सुटले. राहिली फक्त मामीची क्लॅरिनेट, आणि तिच्याखाली तो सूर.

मामाने उडी मारली आणि क्लॅरिनेट तिच्या तोंडातून ओढून काढली. तिचे ओठ तसेच राहिले. छाती हलत नव्हती.

खालचा सूर अजून थोडा वेळ एकटाच वाजला... आणि विरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामीने श्वास घेतला.

ती वाचली असं सगळ्यांना वाटलं. रात्री ती जेवली, बोलली. जरा सावकाश बोलली इतकंच. दमली असेल.

दुसऱ्या आठवड्यात ती आणखी सावकाश बोलायला लागली. पेला उचलायची तो ओठांपर्यंत न्यायला वेळ लागायचा. "पाणी" म्हणायला तोंड उघडायची, तोवर मामा पाणी घेऊन उभा असायचा. बँडमधल्या नर्सबाईंनी ओळखीने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. ठोके संथ आहेत, डॉक्टर म्हणाले, पण नियमित आहेत. काळजीचं कारण नाही.

मामाने ट्युबा भंगारात नेला. डोळ्यांदेखत चेपून घेतला, पत्र्याची पोळी होईपर्यंत उभा राहिला. घरी आला तर मामी दाराकडे यायला निघालेली होती. ती दारापर्यंत पोहोचली तेव्हा अंधार पडला होता.

बँड मोडला. कुणी कुणाला फोन करत नाही.

गेल्या महिन्यात मी आणि आई त्यांना भेटायला गेलो.

मामी खिडकीशी पलंगावर होती. डोळे उघडे. मामा तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसला होता आणि हाताने ठेका देत होता. जलद, मुलांच्या मार्चला देतात तसा. आमच्याशी बोलतानाही त्याचा हात थांबला नाही. सकाळपासून देतो म्हणाला, हात भरून आला की दुसऱ्या हाताने.

तिला दिसत होतं. तिची नजर त्याच्या हाताकडे वळायची... पण वळेपर्यंत हात कधीच पुढे गेलेला असायचा.

तिने श्वास सोडला. आणि मग...

मग काही नाही. खोलीत चिडीचूप. मी तिच्या छातीकडे बघत राहिलो. आईही बघत होती.

आता घेईल. आता घेईल.

अखेर मामीची छाती वर आली. त्याच क्षणी माझ्या बाजूला आईनेही श्वास घेतला. मीही घेतला. आम्ही दोघं तोपर्यंत श्वास रोखून होतो, हे आम्हाला कळलंच नव्हतं.

मामाला कळलं होतं. तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तिच्याबरोबर श्वास घेऊ नका. तिच्याकडे बघूही नका. घरी जा."

"आणि तू?" आईने विचारलं.

त्याने ठेक्याचा हात बदलला. आम्ही निघालो तेव्हा मी दारातून एकदा मागे पाहिलं. हात चालू होता. पण मगाशी होता तितका जलद नव्हता.

आम्ही पुन्हा गेलो नाही. आई विषयही काढत नाही.

फक्त हल्ली जिना चढताना ती मागे राहते. वय झालं, म्हणते. मी वर जाऊन तिच्यासाठी थांबतो. ती येते, हसते, किल्ली पुढे करते.

पण दर वेळी मला आधीपेक्षा थोडं जास्त थांबावं लागतं.