ग्रेडी लिंडक्विस्टची पिकअप

ऑक्टोबरातल्या एका तिन्हीसांजेला ट्रेसा व्होकून व्हॉलीबॉलचा सराव आटोपून घरी निघाली होती. खडीच्या रस्त्याच्या कडेला, दारावर पोचा आलेली एक हिरवी पिकअप दिवे लावून उभी होती, आणि तिला टेकून ग्रेडी लिंडक्विस्ट आभाळाकडे बघत होता.

ट्रेसाने आपली पिकअप शेजारी थांबवली. काच खाली केली.

“बंद पडली?”

“छे. सूर्यास्त बघतोय.”

“सूर्य जाऊन वीस मिनिटं झाली.”

“मग... राहिलेलं बघतोय.”

तिला हसू आलं. नेब्रास्काच्या त्या टेकड्यांत घरं मैलामैलांवर. चौदा वर्षं पुरी झाली की शाळेपुरतं लायसन मिळतं आणि पोरं बापाची, नाहीतर आजोबांची जुनी पिकअप घेऊन शाळेत येऊ लागतात. मागच्या हौद्यात गवताचा भुसा, कुंपणाची तार, एखादं कुत्रं. माणसाआधी पिकअप ओळखू येते. ग्रेडीची गाडी ट्रेसा तीन वर्षं ओळखत होती. त्याच्याशी बोलली मात्र आज.

“तू हो पुढे,” तो म्हणाला. “मी येतो मागून.”

आला तो अगदी चिकटून आला. ती आपल्या फाटकातून आत वळली, तर तोही वळला – थेट अंगणात.

“तुझं घर अजून सहा मैल पुढे आहे,” ती म्हणाली.

तो क्षणभर गोंधळला. मग टोपी मागे सारत म्हणाला, “म्हटलं, कॉफी तरी मिळेल.”

आईने कॉफी दिली, अ‍ॅपल पाय दिला. निघताना तो म्हणाला, बॅटरी गेलीय बहुतेक. भावाला फोन करून बोलावलं आणि गाडी तिथेच सोडून गेला. सकाळी ट्रेसाने गाडीतच राहिलेली किल्ली फिरवून पाहिली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं. ती स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिली... सतरा वर्षांच्या मुलीने यातून काय समजायचं? तिने तेच समजून घेतलं.

मग रोजचंच झालं. तिचा सराव सुरू होईपर्यंत तो थांबायचा. सराव नसेल त्या दिवशी दुपारी उजेडात तिला आपल्या गाडीतून हिंडवायचा. गिअर बदलता बदलता त्याचा हात तिच्या गुडघ्याजवळ रेंगाळायचा, आणि तो उगाच सॉरी म्हणायचा.

“इतकं काय बघतोस माझ्याकडे?” तिने एकदा विचारलं.

“पाठ करतोय.”

“परीक्षा आहे की काय?”

“हं,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिला ते तेव्हा कळलं नाही.

नोव्हेंबरात दिवस आखडले. एका दुपारी दोघं तळ्याकाठी बोलत बसले आणि तिन्हीसांज झाली. परतताना ग्रेडी स्टीअरिंगवर नको इतका वाकला होता. समोर शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस नोव्होत्नी रस्ता ओलांडून आपल्या टपालपेटीकडे निघाल्या होत्या. ट्रेसाला वाटलं, आता हा वेग कमी करेल. त्याने केला नाही.

“ग्रेडी... ग्रेडी, त्या—”

तिनेच स्टीअरिंग ओढलं. पिकअप चरात उतरून तिरकी थांबली. मिसेस नोव्होत्नी पत्रं छातीशी धरून जवळ आल्या.

“पोरांनो, लागलं का रे तुम्हाला?”

त्यांनी असं विचारलं, ते ग्रेडीला सहन झालं नाही. त्या आत गेल्यावर त्याने कपाळ स्टीअरिंगवर टेकलं.

“मला दिसल्याच नाहीत.”

“दिव्यांच्या उजेडात होत्या त्या.”

“संध्याकाळचं मला काहीच दिसत नाही, ट्रेसा. त्या दिवशीही तुझ्या दिव्यांमागून आलो होतो. लाल ठिपके सोडले तर सगळं काळं होतं.”

मग त्याने सगळं सांगितलं. त्याच्या मामाचं असंच झालं होतं. आधी संध्याकाळ गेली, मग नजरेच्या कडा गेल्या, तिशीच्या आत सगळंच गेलं. उन्हाळ्यात ग्रेडी गुपचूप ओमाहाला जाऊन डॉक्टरांना दाखवून आला होता. त्यांनीही तेच सांगितलं होतं. आईला सांगायचा धीर झाला नव्हता. तिने आपल्या भावाचं सगळं पाहिलं होतं.

“आणि गाडी गेली की इथे मी कोण? कुंपणाचा खांब.”

ट्रेसाला रडू येत होतं. ते तिने आवरलं.

“रविवारपर्यंत घरी सांग. नाहीतर मी सांगेन.”

“मग आपलं संपलं म्हणून समज.”

“संपू दे. आज त्या मेल्या असत्या, ग्रेडी.”

चार दिवस तो शाळेत तिच्याशी बोलला नाही. आपण एका मुलाचं आयुष्य हिरावून घेतोय, असं वाटायचं. आणि डोळे मिटले की पत्रं छातीशी धरलेली म्हातारी दिसायची. तिने शब्द मागे घेतला नाही.

शनिवारी सकाळी दहाला कुत्री भुंकली. रस्त्याने ग्रेडी चालत येत होता. सहा मैल. बूट धुळीने पांढरे झालेले.

“सांगितलं,” तो म्हणाला.

“आई?”

“भांडी घासत होती. हात पुसले, माझा चेहरा धरला... म्हणाली, मला वाटतच होतं. बाबा गोठ्यात निघून गेले. परत आले तेव्हा डोळे रडून लाल झाले होते.” त्याने खिशातून किल्ली काढली. “मीच त्यांच्यापुढे ठेवली होती. ते म्हणाले, विकायची नाही. चालवणारं माणूस शोध.”

“मिळालं का कुणी?”

“एक आहे. तोंडाची फटकळ आहे.”

तिने किल्ली घेतली. दोघं तिच्या गाडीतून त्याच्या घरी गेले आणि तिथून हिरव्या पिकअपने गावाकडे निघाले. त्या भागात जोडी जमली की मुलगी सलग सीटवर मधे, चालवणाऱ्या मुलाला खेटून बसते. ग्रेडी खिडकीपाशी बसला होता. थोडं अंतर गेल्यावर तो सरकला आणि मधे येऊन बसला.

पशुखाद्याच्या दुकानासमोर वर्गातली पोरं उभी होती.

“काय रे ग्रेडी, नवरी झालास की काय?”

“झालो,” ग्रेडी म्हणाला. पोरं हसली. तोही हसला. ट्रेसाने त्याचा हात धरला आणि गाव मागे पडेपर्यंत एका हातानेच गाडी चालवली.

माळावर, डोक्यावर ऊन असताना, तिने पिकअप थांबवली.

“पुढच्या ऑगस्टात तू कॉलेजला जाशील,” तो म्हणाला. “थांब म्हणणार नाही मी. पण माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे अंधारात सांगायचं नव्हतं मला.”

“माझंही आहे,” ती म्हणाली. “जाईन, आणि दर सुट्टीला येईन. तोवर...”

तिने आपली टोपी काढली, तोंडावरचे केस मागे घेतले आणि उन्हाकडे वळून स्वस्थ बसली.

“बघ,” ती म्हणाली. “घाई नाही.”