सहा दारं आणि एक शंका

ती भट्टीच्या दाराशी धावत आली आणि तिची बाही सरळ ओल्या पाटीला टेकली. काचेच्या कारखान्यातल्या त्या दारावर लाल इंग्रजी अक्षरांत ताजंताजं लिहिलं होतं, 'ऑफ लिमिट्स'. बाहेर भट्टीचेच कामगार हाताची घडी घालून मजेत उभे!

"अहो, ही पाटी सगळ्यांनाच बंदी घालते," कारखान्याची भाषांतरकार रंगाऱ्यावर उखडली. "बंदी कुणाला, तेही पुढे लिहायचं असतं. इथं फक्त पाहुण्यांना आहे."

"लिहितो, मॅडम. पण तुमची बाही..."

"राहू द्या ती!"

तो हसला, आणि तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

मग काय, रोज एक अशी पाच दारं उरली होती आणि पठ्ठ्याला प्रत्येक दाराशी तीच शंका. 'लिमिटेड' लिहिलं तर चालेल? नाही हो, त्याचा अर्थ मर्यादित. शंका एवढीशी आणि चहा दोन कप. हे सोंग तिनं तिसऱ्या दाराशीच ओळखलं होतं. पण बोलली नाही, कारण चौथ्या दाराची वाट तीही सकाळपासून बघत होती.

सहाव्या दाराशी त्यानं ब्रश धुतला. "उद्या बंदरावर निघालो. दोन वर्षांचं काम आहे."

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"शेवटची शंका... हे 'ऑफ लिमिट्स' फक्त जागेलाच लावतात?"

"विषयालाही लावतात. जो काढायचा नाही, त्याला."

"भट्टीवाले म्हणतात, तुमच्यापाशी लग्नाचा विषय तसा आहे."

"आहे."

"बंदी कुणाला?"

काय हा आगाऊपणा! तिचं ठरलेलं लग्न दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं. तेव्हापासून कुणी लग्नाचं नाव काढलं की ती ताटावरून उठायची. आईनं तर त्याबद्दल बोलणंच सोडलं होतं. 'सगळ्यांना' हे उत्तर ओठांवर आलं. पण ते दिलं, तर हा माणूस निमूट रंगाचे डबे उचलून निघून जाईल. आणि नाही दिलं, नि पुन्हा मोडलं तर? तिला खरंच भीती वाटली.

"तुम्ही... काढू शकता," ती म्हणाली.

एवढा बडबड्या माणूस, पण धुतलेला ब्रश पुन्हा धुवायला लागला.

"आता का दातखीळ बसली?"

"दोन वर्षं... थांबाल माझ्यासाठी?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला.

"बंदरावर भाषांतरकार लागत नाहीत की काय? मीही येणार. तुम्ही गाडी परवाची धरा आणि उद्या संध्याकाळी घरी या," ती म्हणाली. "आईशी लग्नाचं आज मीच बोलणार आहे."