ओढ्यापलीकडचं पॉलिहाऊस

सकाळी तनुजा पॉलिहाऊसचं दार उघडायला गेली, तर छतावर एक माणूस बसलेला.

दोन कमानींमधल्या पन्हाळीत पाय रोवून, दातांत लोखंडी स्प्रिंग धरून तो प्लास्टिक ताणत होता. जणू शेत त्याच्याच मालकीचं!

"ओ! कोण हाय वर?"

त्यानं मान वळवली. दातांतली स्प्रिंग काढली. "थांबा जरा. एवढं टोक बसवतो, मग बोलू."

"बोलू काय? खाली उतरा आधी!"

"उतरतो की. पण पेपर लई ढिला सोडला होता तुम्ही. जोराचं वारं आलं असतं तर गेला असता हिंगोलीला."

पॉलिहाऊसच्या प्लास्टिकला इकडे सगळे पेपरच म्हणतात. तनुजाच्या छताचा एक कोपरा आठवडाभर फडफडत होता, हेही खरं. पण म्हणून कुणीही यावं आणि वर चढावं?

तो खाली उतरला. उंच, सावळा, केसांत धूळ... आणि ओठांच्या कोपऱ्यात दडवलेलं हसू. "रामलिंगकाकांचं पॉलिहाऊस ना हे? काकडीचं? मी फिटर. सत्यम. उदगीरहून आलो."

तनुजानं दार पूर्ण उघडलं. आत जरबेऱ्याचे बेड होते. लाल, पिवळी, केशरी, पांढरी फुलं ताठ माना करून उभी होती.

"ही काकडी दिसून राहिली का तुम्हाला?"

तो पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडं काकडी एवढी नटत न्हाई."

तनुजाला हसायचं नव्हतं. तरी हसू आलंच.

"रामलिंगकाकांचं ओढ्याच्या पलीकडं," ती म्हणाली. "फुकट गेलं तुमचं काम."

"फुकट कसं? पाणी पाजा."

तिनं तांब्या भरून दिला. पाणी पिताना त्याची नजर तांब्याच्या काठावरून तिच्याकडे येत होती. ती केशरी फुलांकडे बघत उभी राहिली.

"ते केशरी भारी हाय," तो म्हणाला. "मला तेच आवडलं." आणि अवजारांची पिशवी खांद्याला लावून ओढा उतरून गेला.

लातूरला शेतीचा डिप्लोमा करून तनुजा परत आली, तेव्हा हे पॉलिहाऊस तिनं हट्टानं उभं केलं होतं. वडील ग्यानोबा म्हणायचे, फुलं खातं कोण? आता तेच भल्या सकाळी फुलांची खोकी मोटारसायकलवर बांधून हदगावच्या स्टँडवर नेत, नांदेडच्या गाडीत चढवत आणि कंडक्टरला तीनतीनदा बजावत, "दादा, आडवं ठेवू नका, लग्नाचा माल हाय."

रामलिंगकाकांच्या पॉलिहाऊसचा जुना पेपर पार काळवंडला होता. तो काढून नवा चढवायचा, म्हणून सत्यम त्यांच्या आखाड्यावरच, शेतातल्या घरातच, मुक्कामाला होता. पण दुपार झाली की ओढा ओलांडून पाण्याला इकडे यायचा.

"तिकडं बोअरला पाणी न्हाई का?" तनुजानं एकदा विचारलं.

"हाय की. पण गोड न्हाई."

"एकाच ओढ्याच्या दोन काठांचं पाणी वेगळं?"

"तेच तर म्हणतो... काय टाकता तुम्ही तांब्यात?"

तनुजा फुलांना प्लास्टिकच्या टोप्या चढवत बसायची आणि तो शेजारी टेकून बोलत राहायचा. उदगीरच्या बाजाराबद्दल, घरात निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलणाऱ्या त्याच्या आईबद्दल, अव्वाबद्दल. तो गेला की पॉलिहाऊस फार मोठं वाटायला लागायचं.

सगळं छान चाललं असतं. पण ओढ्यापलीकडे मंजुश्री होती.

रामलिंगकाकांची मंजुश्री. तनुजाची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींनी एकाच गाडीनं हदगावला जाऊन शिक्षण घेतलं, एकमेकींचे डबे खाल्ले. मंजुश्री गोरी, मोकळी, मोठ्यानं हसणारी. कुठंही गेल्या तरी लोकांची नजर आधी मंजूवर जायची, मग तनुजावर. तनुजाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र वाटू लागलं.

नव्या पेपरचा रंग दुधासारखा. बाहेरून आतलं माणूस दिसत नाही, नुसती सावली दिसते. दिवस कलला की तनुजाला दारातल्या फुलांच्या टेबलावरून पलीकडच्या दोन सावल्या दिसायच्या. एक शिडीवर, एक शिडी धरलेली. शिडीवरची खाली वाकायची. खालची हात वर करायची. मग दोन्ही सावल्या एकमेकींत मिसळून एक व्हायच्या... आणि मंजूचं खळखळून हसणं ओढ्यावरून इकडे यायचं.

एवढं काय हसायला होतं त्या शिडीवर?

जरबेऱ्याचं फूल कापत नाहीत, देठाला हलका पीळ देऊन काढतात. त्या संध्याकाळी तनुजानं फुलाला असा हिसका दिला की अख्खं रोपच मुळासकट हातात आलं.

आई, उमाबाई, मागून म्हणाली, "कुणावरचा राग हाय गं? रोपानं काय केलं तुझं?"

"काई न्हाई. गरम होऊन राहिलं."

"हाव. गरम होऊन राहिलं," आई म्हणाली आणि गालात हसून बादली उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मंजुश्री स्वतःच आली. न्हालेली, डोळ्यांत काजळ, अंगात नवा ड्रेस.

"तनू, एक फूल दे ना केसांत घालायला. केशरी."

तनुजाचा हात थांबला. "केशरीच कशाला?"

"सत्यमला आवडतं म्हणे." मंजू लाजली. ही मुलगी लाजू शकते हे तनुजाला पहिल्यांदाच कळत होतं.

म्हणजे यानं तिलाही सांगितलं! तनुजाला वाटलं होतं, ते वाक्य आपल्या एकटीचं आहे.

"केशरी संपले," ती म्हणाली.

मंजूनं तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. केशरी फुलांची अख्खी रांग डोलत होती.

"ते नांदेडला बोलून ठेवलेत," तनुजा म्हणाली आणि एक पांढरं फूल तिच्या हातावर ठेवलं.

मंजू पांढरं फूल घेऊन गेली.

त्या दिवशी दुपारी सत्यम पाण्याला आला, तर तनुजानं तांब्या दाराबाहेर ठेवून दिला आणि स्वतः आतच राहिली.

"तनुजाजी... काई चुकलं का माझं?"

"तुमचं कशाला चुकंल? तिकडंही पाणी गोड झालं असंल आता."

तो गोंधळून उभा राहिला, मग ओढा उतरून गेला. त्याच्या पाठीकडे बघताना तिला स्वतःचाच राग आला. पण त्याच्याइतका नाही. आणि मंजूइतका तर मुळीच नाही.

रात्रभर त्या दोन सावल्या तिच्या डोळ्यांपुढून हलल्या नाहीत.

सकाळी पलीकडे छताचा शेवटचा पेपर चढत होता. सत्यमचे दोघे मदतनीस लग्नाला गेलेले, तो आणि मंजूच काम करत होते. आज काम संपलं की उद्या तो जाणार. मधला अख्खा दिवस मंजूचा. तनुजानं सत्यमला फोन लावला.

"फॉगर बंद पडला," ती म्हणाली. "पाण्याचा फवाराच येईना. माझी फुलं माना टाकतील."

"दुपारी आलो तर? पेपरची एक बाजू नुसती दोरीनं बांधलीय अजून."

"दुपारपर्यंत काई राहत न्हाई माझं."

"...आलो."

तो आला. फॉगरच्या नळ्या बघितल्या. मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या कॉकपाशी गेला. तनुजानंच तो पहाटे बंद केला होता. तो कॉककडे बघत राहिला, मग तिच्याकडे. उघडला मात्र नाही. खाली बसला आणि एकेक नळी उगाच पुसायला लागला.

"लई मोठा बिघाड दिसतो," तो म्हणाला.

"हो का?"

"हाव. येळ लागंल."

ती समोर बसली. इतक्या जवळून त्याच्या पापण्यांवरची धूळसुद्धा दिसत होती. तनुजाला वाटत होतं, हे असंच चालू राहावं... मंजूनं तिकडं वाट बघत बसावं...

आणि वारं सुटलं.

मे महिन्यातलं वळवाचं वारं, कुठून येतं कळत नाही. आधी शेतातला पाचोळा उठला, मग आभाळ मातकट झालं, आणि ओढ्यापलीकडून बंदुकीसारखा आवाज आला. फाट! सुटा पेपर हवेत उसळला होता.

"मंजू!" तनुजा ओरडली.

दोघं ओढ्यातून धावले. मंजुश्री एकटी दोरीला लोंबकळत होती. वारा पेपरला वर ओढत होता आणि पेपर तिला. सत्यम शिडीकडे झेपावला. तनुजानं मंजूच्या मागून दोरी धरली, टाचा मातीत रुतवल्या. टपोरे थेंब पडू लागले. दोरी हातांतून सरकत होती, कातडी सोलत होती.

"सोडू नको, तनू!"

"न्हाई सोडत!"

सत्यमनं निम्मी बाजू कशीबशी कमानीवरच्या पट्टीत दाबली. उरलेली निम्मी मधोमध चिरत गेली, पार शेवटच्या खांबापर्यंत. मग वारं आलं तसं निघून गेलं.

आत काकडीचे वेल सुतळ्यांसकट जमिनीवर लोळत होते. फुलं धरलेले, बोटभर काकड्या लागलेले वेल.

मंजूचे तळवे लाल झाले होते. तिनं सत्यमला विचारलं, "लई मोठा बिघाड होता का फॉगरचा?"

तो उत्तर देणार, एवढ्यात तनुजा बोलली. "बिघाड नव्हता. कॉक मीच बंद केला होता. त्यानं इथं राहू नये म्हणून."

मंजूनं हातातली दोरी खाली टाकली.

"तुला तो पाहिजे होता तर मला सांगायचं होतं, तनू," ती म्हणाली. "माझं छप्पर कशाला?"

आणि पावसाचं पाणी तोंडावरून पुसत ती आखाड्याकडे चालू लागली.

रात्र सरताच तनुजा ओढा ओलांडून गेली. रोपवाटिकेसाठी आणलेली हिरवी जाळी तिनं खांद्यावर घेतली होती. मंजू वेल उचलत होती. तिनं वर पाहिलं नाही. तनुजानं उघड्या भागावर जाळी ताणली, मग पलीकडच्या टोकाला बसून मोडके वेल सोडवायला लागली. मोडलेला शेंडा कापायचा, जगेल तो वेल नव्या सुतळीवर हळू चढवायचा. दोघींच्या मध्ये एक रांग होती आणि एक शब्दही नव्हता. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मंजूनं पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

मग म्हणाली, "मी विचारलं होतं त्याला, मी आवडते का म्हणून. तू पांढरं फूल दिलंस ना, त्या दिवशी."

तनुजाच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"एवढी नटून गेले. त्यानं फुलाकडं बघितलं अन् म्हणाला, हे तनुजाच्या बेडातलं ना?" मंजूनं ओठ दाबले. "वर म्हणाला, मंजुताई, मला समजून घ्या. ताई! मी लहान हाय गं त्याच्यापेक्षा!"

तिला हसू आलं, पण डोळे भरले होते. तनुजा रांग ओलांडून गेली आणि तिच्या शेजारी मातीतच बसली.

"मला अजून राग हाय तुझा," मंजू म्हणाली.

"असू दे."

"लई दिवस राहील."

"राहू दे. मी येत जाईन रोज."

"वेल तेवढे नीट बांध मग. हा ढिला झाला."

नवा पेपर सत्यम स्वतः लातूरहून घेऊन आला आणि एकही मदतनीस न बोलावता चढवला. काम संपल्यावर अंघोळ करून, भांग पाडून तो तनुजाच्या दाराशी आला. पाणी मागितलं नाही.

"तुम्हाला कॉक दिसला होता," तनुजा म्हणाली.

"आल्याआल्या."

"मग गेला का न्हाई परत?"

"तू समोर बसली होतीस." त्यानं पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. "तू बोलावलंस ते बोलावलंस. अर्धं काम सोडून यायचं का न्हाई, हे माझ्या हातात होतं. मंजूची माफी मागितली मी."

तनुजा खाली बघत राहिली. "मला ना... तुमच्या दोघांच्या सावल्या दिसल्या की इथं जळायचं. तिच्यासारखी चांगली मैत्रीण, अन् मी..."

"आमच्याकडं त्याला होट्टेकिच्चु म्हणतेत."

"म्हणजे?"

"पोटातली आग. मला बी लागली होती. ते नांदेडचे फूलवाले फोनवर तुला 'तनुजा मॅडम, तनुजा मॅडम' करायचे ना, तवा."

"ते? साठ वर्षांचे आजोबा हायेत ते!"

"मला काय म्हाईत? आवाज तर गोड होता."

ती हसली. तोही हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं आणि तो उगाच दाराची कडी चाचपू लागला.

"अव्वाला फोन केला होता," तो म्हणाला. "म्हणलं, एक पोरगी हाय. अव्वानं विचारलं, काय करते? म्हणलं, फुलं उगवते... अन् खोटं बोलते."

"असं सांगितलं?"

"मग! लपवायचं कशाला? अव्वा म्हणाली, फुलं उगवते ते चांगलं हाय. पण खोटं कुणासाठी बोलते, ते विचार तिला आधी."

"मग?"

"मग... विचारून राहिलो."

तनुजानं हातातलं फूल टेबलावर ठेवलं. परत उचललं. कान तापले होते.

"तुमच्यासाठी," ती इतकं हळू म्हणाली की तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

"काय?"

"तुमच्यासाठी!"

पार शेवटच्या बेडवर खुरपत बसलेल्या ग्यानोबांनी मान वर केली. दाराकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, फिटरकडे पाहिलं... आणि पुन्हा मान खाली घालून, तण नसलेल्या जागीच खुरपायला लागले.