गाडीचं पाणी

"जगनच्या गाडीचं पाणी गो, ती धोंडुबाईच पिते…"

नळावर कृष्णाबाई एवढंच बोलली आणि तिने तोंड मिटलं, कारण मागून जगनच येत होता. कळशी भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

लाईट गेलेतच, तर सरका जवळ पोरांनो. माझ्या भिंतीला भिंत लागून ज्याचं घर, त्या जगनची ही गोष्ट. दुसऱ्याच्या घरात डोकवायची मला खोड आहे, सगळं जोहे गाव ते जाणतं. पण म्हणूनच मला यातलं सगळं ठाऊक.

जगनकडे जुनी चॉकलेटी गाडी होती. गणपतीच्या दिवसांत तिच्यातून मूर्त्या पोचवायच्या, एरवी भाडी मारायची. साल अठ्ठ्याण्णव. त्या वर्षी गाडीला एक खोड लागली. रोह्याला जाऊन आली की रेडिएटर कोरडा. बरं, खाली एक थेंब नाही. पाईप सुके, पंप सुका. मग पाणी जातं कुठे?

एरवी जगनने हसण्यावारी नेलं असतं. पण बायको इंदू बाळंतपणाला माहेरी, रोह्याला होती आणि बाळ आडवं होतं. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, थेट माझ्याकडे." म्हणजे कोणत्याही रात्री निघावं लागणार, आणि गाडी वाटेत तापून बसली तर दोन जीव जाणार.

त्यात हे धोंडुबाईचं. धोंडुबाई मिठागरात राबायची. बऱ्याच वर्षांपूर्वी वैशाखात तापाने फणफणून ती घरी निघाली. वडखळच्या अलीकडे, नागोठण्याच्या बाजूला, तिने पाण्यासाठी मुंबईच्या एका टॅक्सीला हात केला. ड्रायव्हरकडे पाण्याचा कॅन होता. पुढच्या बांधावर ती पडलेली सापडली, तेव्हा उचलणाऱ्यांना तेवढंच म्हणाली… "गाडीचं हाय म्हनला. मानसाचं नाय म्हनला."

तिथेच तिने जीव सोडला, आणि तेव्हापासून त्या रस्त्याला गाडीचं पाणी आटलं की लोक तिचंच नाव घेतात.

जगन नळावरून तडक पेणच्या रामवाडीला काळुराम मिस्त्रीकडे गेला. काळुरामने आधी ऑईलची पट्टी ओढून बघितली. ऑईल दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी आत उतरत नव्हतं. धूरही पांढरा नव्हता. मग त्याने इंजिन चांगलं तापवलं आणि दाढीचा आरसा इंजिनच्या पाठीमागे सरकवला.

"हे बघ, सापडला चोर."

इंजिनला मागच्या अंगाला पत्र्याची एक गोल टोपी ठोकलेली असते. ती गंजून तिला सुईएवढं भोक पडलं होतं. थेंब निघायचा तो खालच्या तापल्या सायलेन्सरच्या नळीवर पडायचा. चर्र… वाफ. जमिनीवर यायचाच नाही.

"धोंडुबाई म्हणे!" जगन मोठ्याने हसला. "त्या कृष्णाबाईला दाखवायला पायजे ही टोपी."

काळुराम हसला नाही. टोपीभोवती पांढरं काहीतरी धरलं होतं. त्याने ते बोटावर घेऊन जिभेला लावलं.

"मीठ हाय रे. मिठानं खाल्लीय टोपी. खाडीचं पाणी घातलंस काय?"

"येडा हाय काय मी? नळाचंच घालतो."

काळुरामने टोपी बदलली, रेडिएटर धुऊन काढला आणि त्यात इंजिन गार ठेवणारं हिरवं कुलंट भरलं. हात पुसताना त्याने बॉनेटच्या कडेला उडालेला रंग नखाने खरवडला. चॉकलेटीखाली काळा निघाला. वर टपाजवळ पिवळा.

"मुंबईची टॅक्सी होती व्हय ही?"

जगनने मान डोलावली आणि घाईने बॉनेट लावलं.

सोमवार, वैशाखाची अमावस्या. दिवेलागणीला वाण्याच्या दुकानात फोन आला, कळा सुरू झाल्या. जगन रोह्याला पोचला, इंदूला मागच्या सीटवर निजवलं. तिची आई काशीबाई शेजारी बसली.

"जावईबापू, खड्डे चुकवा हो. पोरीचं पोट हाय ते, भाताचं पोतं नाय."

भिसे खिंड उतरली, नागोठणं मागे पडलं. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा जागच्या जागी होता. काळुरामने काम चोख केलं होतं.

वडखळच्या अलीकडे खाऱ्या वाऱ्याचा वास आला. आणि काटा हलला.

चढायला लागला. तांबड्याला टेकला.

जगनने गाडी थांबवली. बॉनेट उघडलं. वाफ नाही. फडक्याने रेडिएटरचं झाकण धरलं… गार. विहिरीतल्या कळशीसारखं गार. उघडून बॅटरी मारली. हिरवं पाणी काठोकाठ. थेंबभर कमी नाही.

बेडकं ओरडत होती ती गप्प झाली.

बांगड्या वाजल्या.

"दादा… पाणी."

आतून काशीबाई ओरडली, "थांबू नका! गाडीचं हाय म्हणा नि चला!"

तिला काय ठाऊक, ती काय बोलून गेली.

वारा पडला. डिकीतला नळाच्या पाण्याचा कॅन जगनने केव्हा काढला, त्यालाच कळलं नाही. तो हातात होता.

"गाडीचं हाय…?" समोरून आवाज आला. अगदी जवळून. "का मानसाचं?"

जगनने कॅन छातीशी धरला.

मागच्या सीटवर इंदू कण्हली. दातांवर दात दाबून म्हणाली, "माणसाचं हाय… द्या हो तिला."

जगनने कॅन वाकडा केला. बॅटरीच्या उजेडात फक्त दोन हात. भेगाळलेले. ओंजळ केलेले. पाणी पडत होतं… पडतच होतं. जमिनीवर थेंब नाही. आवाज नाही.

कॅन हलका झाला.

बेडूक ओरडला.

गाडी सुरू केली तेव्हा काटा खाली आला होता. पेणला वेळेत पोचले. मुलगी झाली. अंगणात परकर खोचून पळत असते ना, तीच.

सकाळी जगनने बोलावलेला काळुराम दवाखान्याच्या दारातच गाडीखाली शिरला. टोपी ठणठणीत, कुलंट काठोकाठ. म्हणजे कृष्णाबाईचं निम्मं खोटंच. गाडीचं पाणी गंजल्या टोपीतून जात होतं. धोंडुबाईने त्याला कधी तोंड लावलं नाही.

"मग काटा चढलाच कसा?" जगनने विचारलं.

काळुराम बॉनेटच्या कडेकडे बघत होता. जिथे त्याने रंग खरवडला होता तिथे, ओले हात टेकवून वाळावेत तसे, दोन पांढरे पंजे उमटले होते. त्याने बोट फिरवून जिभेला लावलं आणि थुंकला.

जगनने ते धुतले. पुढे मृगात पावसानेही धुतले. भाद्रपदात हमरापूरच्या मूर्त्या भरायला त्याने गाडी उन्हात लावली. बॉनेट वाळलं…

मी स्वतः वाकून बघितलं, पोरांनो. दोन पंजे. नुसतं मीठ.