तरसमाऱ्यांचा देव

“मॅडम, देव चोरीला गेला.”

फोन मोहदऱ्याच्या पोलीस पाटलाचा, वीरण्णाचा होता. सहायक पोलीस निरीक्षक सुकन्या बिरादारने हातातला चहा तसाच खाली ठेवला. सोनं चोरीला गेलं तर माणसं पोलिसाला शोधतात, देव चोरीला गेला की कुणाचं घर जाळायचं ते शोधतात. उशीर करून चालणार नव्हतं.

हवालदार बसवंतने जीप काढली. कंधार मागे पडलं आणि रस्त्याच्या दुतर्फा फलक सुरू झाले. ‘अखिल तरसमारे कुल महासंमेलन’. प्रत्येक फलकावर हात जोडलेला आदिनाथ तरसमारे आणि त्याच्या मागे घोड्यावर तलवार उपसलेला मूळपुरुष. गावातली लेकरं पळवणारं तरस त्याने मारलं, म्हणून तरसमारे.

“लई फॅशन आलीय मॅडम ह्या आडनावाची,” बसवंत म्हणाला. “आमच्या शाळंत एक तरसमारे होता. पोरं इतकी चिडवायची, की त्यानं दहावीला पाटील लावून घेतलं. आता त्योच गाडीच्या काचेवर तरसमारे लिहून फिरून राहिला. लातूरचे, उदगीरचे, ज्यांचा काडीचा संबंध न्हाई ते बी नाव बदलून राहिले.”

“कशामुळं?”

“आदिनाथरावानं व्हिडिओ टाकला ना. घोडा, तलवार, मागं ढोल. सोयरीक जुळवायला बी चालतंय म्हणं हे नाव. आणि आदिनाथरावाला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय.”

सुकन्याला असल्या मूळपुरुषांचा मनापासून वीट आला होता. तिच्या गावी, शिरूर अनंतपाळला, वडलांना कुणी खापरपणजोबा विचारला, तर ते सांगायचे, “त्यो बी ज्वारीच पेरत व्हता.” आणि विषय संपायचा.

मोहदऱ्याच्या वेशीबाहेर ओटा होता. ओट्याभोवती बांबूला पडदा बांधलेला, आत दगडाची जागा रिकामी. माणसं बाजूला उभी राहून नुसती धुमसत होती.

“पडदा कशाला?” तिने विचारलं.

“चांदीचा मुखवटा बसायचा व्हता, संमेलनात सगळ्यांसमोर,” वीरण्णा म्हणाला. “कालपास्नं पडदा बांधलाय. तवर कुणी देव बघायचा न्हाई, असं ठरलं व्हतं.”

“ह्या जागेला कोण शिवलं?”

“कुणी न्हाई. पहाटं म्याच बघितलं, तवापास्नं इथंच बसून हाव.”

सुकन्या वाकली. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर फासलेला दगड, बोटभर जाड थर बसलेला, पण ओट्यावर शेंदराचा एक कणही नव्हता. दगड होता त्या खळग्यात मात्र खाऊचं पान होतं. पानावर हळदकुंकू लावलेली सुपारी आणि चिमूटभर अक्षता.

तिने फोटो काढायला लावला. कुणी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

तेवढ्यात अत्तराचा वास आला आणि पाठोपाठ आदिनाथ आला. कडक इस्त्री, कपाळाला टिळा.

“मॅडम, चोर ठरलेलाय. भीमनगरातला आदर्श. ग्रामसभेत उभा राहून म्हणला होता, दगड आमच्या पूर्वजाचा आहे. त्याच्या घरामागं सरपणात पोतं सापडलं, शेंदूर भरलेलं.”

“कुणाला सापडलं?”

“आमच्या पोरांना.”

“पोलीस यायच्या आधी?”

“गाव पेटलंय मॅडम. पोरं किती वेळ थांबतील?”

“आदर्शचं आडनाव काय?”

आदिनाथने तोंड वाकडं केलं. “तरसमारेच लावतात. आमच्या घरी राबायचे, त्यावरनं पडलं. मालकाचं नाव गड्याला चिकटतं.”

चिकटतं. खरकटं चिकटावं तसा हा माणूस तो शब्द बोलला. सुकन्याने पोतं ताब्यात घेतलं आणि भीमनगरची वाट धरली.

आदर्श दारातच उभा होता. पंचविशीचा, काटकुळा. शेजारी त्याची आजी पारूबाई. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आदर्श तरसमारे हे नाव कुठे वाचलं होतं ते सुकन्याला आत्ता आठवलं. कृषी सहायक म्हणून निवड झालेला मुलगा. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद तिच्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. सोमवारी त्याला रुजू व्हायचं होतं.

“बाई,” पारूबाईने आधी तेच विचारलं, “गुन्हा लागला की नोकरी जाती ना?”

“जाते.”

म्हातारी खाली बसली. आदर्श म्हणाला, “मॅडम, रात्री मी घरीच होतो. पण मी सांगून काय उपयोग?”

“ग्रामसभेत काय बोलला होतास?”

“जे आजी सांगते तेच.”

“मग आजी, तुम्हीच सांगा.”

“आमच्या घराण्याचा मूळ माणूस वेसकर व्हता,” पारूबाई म्हणाली. “रात्री वेशीवर जागायचा. खांद्यावर कांबळं, हातात घुंगुरकाठी. काठी वाजली की गाव बिनघोर झोपायचं. त्यानं तरस मारलं आन्‌ त्यातच मेला. गावानं त्याचा दगड रोवला, नाव दिलं. पुढं नावाला मान आला, तसा आदिनाथच्या वाड्यानं नाव उचललं आन्‌ दगडाला शेंदूर फासला. आमच्याकडं काठी ऱ्हायली. आता म्हणत्यात नाव बी सोडा.”

“दगडावर काय कोरलंय, तुम्ही पाहिलंय?”

“शेंदराखाली कुणी बघितलंय, बाई? माज्या सासूनं बी न्हाई बघितलं.”

“घरात देवाचं काही करता? पूजा, पानसुपारी?”

“छप्पन सालानंतर सासऱ्यानं देव्हारा मन्याड नदीत सोडला. तवापास्नं ह्या घरात सुपारी आली न्हाई. खायला बी न्हाई.”

सुकन्याने पोत्यातला एक तुकडा हातात घेतला. भाकरीएवढा मोठा. बाहेरची बाजू तेलकट, लालभडक, गुळगुळीत. आतली बाजू कोरडी, काळपट आणि खळग्याखळग्यांची. तिने तो उन्हात तिरका धरून पाहिला, मग वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःजवळ ठेवला.

“ह्याचं काय करता मॅडम?” बसवंतने विचारलं.

“बघू.”

आदिनाथचं घर वेशीच्या आतच, मंडपाला लागून होतं. मंडपात खुर्च्यांच्या उतरंडी तशाच उभ्या होत्या, पाहुणे परवा यायचे होते. चार मजूर तेवढे कनाती ठोकत होते. आचारी त्यांच्यासाठी कणीक मळत बसला होता. एका टेबलावर मखमलीत चांदीचा मुखवटा. घोडा, तलवार, मिशा. मिशा तर थेट आदिनाथच्या होत्या.

आदिनाथची आई गुणाबाई उंबऱ्यात बसली होती. चहाची बशी समोर निवत होती.

“देवाला शेंदूर कोण लावतं?” सुकन्याने विचारलं.

“मीच. माझ्याआधी सासू.”

“कधी?”

“दसऱ्याला, वर्सातनं एकदाच. पडदा धरत्यात. घरच्याबिगर कुणी बघायचं न्हाई.”

“शेंदराची खपली निघाली तर?”

“भुईला पडू द्यायची न्हाई. फडक्यात झेलायची, नदीला सोडायची.”

“मुखवटा बसवायचा म्हणजे जुना शेंदूर काढावा लागणार. कोण काढणार होतं?”

“मीच,” म्हातारीने सांगितलं, आणि आदिनाथ मध्येच बोलला, “काढणार होती. काढला नाही. त्याआधीच चोरी झाली.”

दसरा होऊन महिने लोटले होते. गुणाबाईच्या नखांत शेंदूर होता. सुकन्याने पाहिलं ते म्हातारीने हेरलं आणि हात पदराखाली घेतले.

“मला बाथरूमला जायचंय,” सुकन्या उठली.

मंडपामागे पाहुण्यांसाठी पत्र्याची संडासं उभारली होती. खालचे खड्डे चांगले पुरुषभर खोल, बाकीचे अजून उघडेच. शेवटच्या खड्ड्यावर तेवढी फरशी बसवलेली होती आणि फरशीच्या कडेचं सिमेंट ओलं होतं.

आदिनाथ लगबगीने मागे आला. “तो नको मॅडम, तो भरलाय. मजूर वापरून राहिलेत. तुम्ही घरातलं वापरा.”

“बरं,” सुकन्या म्हणाली.

ती मंडपात परतली आणि बसवंतला म्हणाली, “वीरण्णाला बोलाव. पंच बोलाव. आदर्श आणि त्याची आजीही येऊ देत.” मग आचाऱ्याकडे वळली. “काका, कणकेचा एक मोठा गोळा द्या.”

सगळे जमले. सुकन्याने वर्तमानपत्र उलगडून शेंदराचा तुकडा पालथा टेबलावर ठेवला. तेलाचं बोट फिरवलं, कणीक थापली, तळहाताने दाबली आणि हलकेच सोलून काढली.

“चोर सांगायच्या आधी हे बघा,” ती म्हणाली. “शेंदूर शंभर वर्षं दगडाला चिकटून होता. दगडावर जे कोरलं ते त्याच्या पोटात उलटं उमटलं. कणकेत सुलटं झालं.”

वीरण्णाने मान पुढे काढली. कणकेत माणूस उभा होता. त्याच्या खांद्यावर कांबळं होतं. हातात काठी, काठीला घुंगरांचा झुपका. पायाशी जनावर, पुढचे पाय उंच, पाठ मागे उतरती. तरसच ते. घोडा नव्हता आणि तलवारही नव्हती.

पारूबाईने कणकेला बोट लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“आता चोरी,” सुकन्या म्हणाली. “चोर घाईत दगड उपटतो. अंधारात शेंदूर सोलत, कणही न सांडता फडक्यात गोळा करत कोण बसतं? ज्याला खपली भुईला पाडायची नाही ही सवय आहे, तोच. म्हणजे शेंदूर चोरीआधीच निघाला होता, पडद्याआड. पडद्याआड फक्त घरची माणसं जातात. गुणाबाई, नखं लपवू नका.”

“हे पोतं आदर्शच्या घरामागं सापडलंय,” आदिनाथ म्हणाला.

“ठेवलं म्हणून सापडलं. तुमच्याच पोरांना, आमच्या आधी. ठेवणाऱ्याने शेंदराची पाठ उलटून बघितली नाही एवढंच. आणि सुपारी कुणी ठेवली?”

“कसली सुपारी?”

“दगड हलवला त्या खळग्यातली. जागचा देव हलवायचा तर आधी तो सुपारीत घ्यायचा, मग दगड नुसता दगड उरतो. कोप होत नाही. आदर्शला कशाची भीती? त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या देव नाही, सुपारी नाही. चोरी करतानाही ज्याचा हात देवाला भ्याला, तो चोर तुमच्या घरातला आहे.”

बोलली गुणाबाई.

“म्या कोमट तेलानं शेंदूर सोडीवला. घुंगुरकाठी दिसली. आदिनाथ म्हणला, ह्यो तर वेसकर. परवा हजार माणसासमोर मुखवटा बसवायचा, कुणी आत बघितलं म्हंजी नाक कापलं जाईल. म्या म्हणलं, नदीत सोड. पानावर सुपारी ठिवली, हात जोडले. पुढं ह्यानं काय केलं ते मला ठावं न्हाई. त्या पोराच्या घरामागचं पोतं बी ठावं न्हाई.”

“पुढचं मी सांगते. दगड घरात ठेवला असता तर आज ना उद्या कुणाला दिसला असता. नदी लांब, वाटेत माणसं. जवळ काय? चार मजूर काही दिवसांत भरू शकणार नाहीत एवढा खोल खड्डा, जो भरलाय असं तुम्ही मला आपण होऊन सांगितलंत. बाकी खड्डे उघडे असताना त्यालाच फरशी, आणि सिमेंट ओलं.”

गुणाबाई हळूच म्हणाली, “संडासात टाकलं? माज्या हातानं तेल घातलेला देव?”

“देव कुठला, आई,” आदिनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती, नुसता वैताग होता. “तू सुपारी ठेवलीस ना. राहिला तो वेसकराचा दगड. त्याला काय चौरंगावर बसवू?”

काल संध्याकाळपर्यंत हा माणूस त्याच दगडापुढे लोटांगण घालत होता. काठी दिसली आणि तोच पूर्वज गुवात गेला. सुकन्याने बरेच गुन्हेगार पाहिले होते, काहींची दयाही आली होती. ह्याच्याकडे बघताना तिला किळस आली, अळी पडलेलं वांगं चिरावं तशी.

फरशी फोडली. दुर्गंधीचा भपकारा आला आणि जमलेले सगळे तरसमारे नाकाला रुमाल लावून मागे सरले. आत दगडाचा माथा दिसत होता.

“भीमनगरातनं दोघं बोलवा,” आदिनाथ म्हणाला. “उतरून काढतील.”

सुकन्या त्याच्याकडे वळली. “बसवंत, ह्याला जीपमध्ये बसव,” ती म्हणाली. “खोटी फिर्याद, खोटा पुरावा आणि अॅट्रॉसिटी. पोतं ठेवणारी पोरंही घे. आणि नगरपालिकेची मैला उपसायची गाडी मागव, क्रेन मागव. खड्ड्यात कुणीही उतरणार नाही.”

दगड वर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. टँकरच्या पाण्याने तो पुन्हापुन्हा धुतला. मान देणारे, मिरवणारे, काचेवर नाव लिहिणारे लांबच उभे होते. पारूबाई पुढे झाली आणि तिने ओल्या दगडावरच्या घुंगुरकाठीवर हात ठेवला. गुणाबाई उंबऱ्यातून पाहत होती. ती पुढे आली नाही.

“कुठं ठेवायचा?” वीरण्णाने विचारलं.

“वेशीवरच. त्याची जागा तीच आहे,” आदर्श म्हणाला. “पण शेंदूर लावू नका.”

परतताना गावाबाहेर एक जीप उभी होती. एक गडी उलथन्याने मागच्या काचेवरचं नाव खरवडत होता. ‘तरस’ गेलं होतं, ‘मारे’ राहिलं होतं.

“ह्योच तो मॅडम, आमच्या शाळंतला,” बसवंत म्हणाला. “आता परत पाटील होतंय. सगळेच होतील.”

“होऊ दे.”

ठाण्यात पोचल्यावर तिने आधी आदर्शचा कागद ओढला. आदर्श ग्यानोबा तरसमारे, राहणार मोहदरा. गुन्हा दाखल नाही, असं लिहून तिने सही केली. मग नळावर जाऊन साबणाने हात धुतले, आणि वास जाईना म्हणून पुन्हा धुतले.