त्यांच्याकडचं जेवण

रेडमंडला त्या संध्याकाळी सातलाच लाइट गेली. पुरुषोत्तम काकांकडे जेवायला आलेली इला आणि अंकुर तिथेच अडकली. दोघंही परदेशात मास्टर्स करायला आलेली, दोघांच्याही फोनला जेमतेम चार्जिंग. काकांनी डायनिंग टेबलावर एक मेणबत्ती लावली आणि खुर्ची मागे ओढून बसले.

"काका, गोष्ट सांगणार असाल तर 'आमच्या गावच्या विहिरीपाशी' असलं काही नको हं," इला म्हणाली. "त्या विहिरीचा आता आम्हाला कंटाळा आलाय."

"विहीर नाही. गावही नाही. इथून साडेतीन तासांवरची जागा आहे," काका म्हणाले. "आणि मुलगी तुमच्यासारखीच. ज्ञानदा. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. तिने मला स्वतः सांगितलं. पण तिला विचारायला जाऊ नका."

अंकुर हसला. "सगळ्याच भुतांच्या गोष्टीत विचारायला जाऊ नका असतं."

काका हसले नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली.

शुक्रवार होता. पंधरा नोव्हेंबर, २०२४. त्रिपुरी पौर्णिमा, पण ढगांमुळे चंद्राचा पत्ता नव्हता. संध्याकाळी सव्वापाचला ज्ञानदा पार्किंगकडे निघाली, कारण बाबांच्या गोळ्यांची डबी कारमध्येच राहिली होती.

मराठी मंडळाची ट्रिप होती. ऑलिंपिक डोंगरांमधल्या रेनफॉरेस्टमध्ये, जिथे वर्षभर पाऊस पडतो आणि झाडांच्या फांद्यांवरून शेवाळ ओल्या धुण्यासारखं लोंबत असतं, तिथल्या एका लॉजवर. बत्तीस माणसं आणि डेब्रा नावाची साठीची गाइड. डेब्राचा नियम एकच होता. साडेचारनंतर ट्रेलवर जायचं नाही.

ज्ञानदाला ट्रिपला यायचंच नव्हतं. पण तिचे बाबा बावीस तारखेला नागपूरला परत जाणार होते. सहा महिने इथे होते आणि त्यांनी पाहिलं काय, तर तिचं अपार्टमेंट आणि खालचं ग्रोसरी स्टोअर. फेब्रुवारीत आई गेली, मे महिन्यात ती त्यांना घेऊन आली. एकटे राहू नयेत म्हणून. आणि मग सकाळी आठला ऑफिसला जायची, रात्री नऊला यायची. कुणी बोललं तर उसळायची, "मी काय जॉब सोडून बसू का?"

बाबांची एक सवय तिला सहन व्हायची नाही. जेवताना समोरून कुणी गेलं की ते म्हणायचे, "या जेवायला." कुणीही असो. कुरियरवाला, कुत्रा फिरवणारी बाई, बाल्कनीसमोरचं झाड कापायला आलेले लोक. आपल्याकडे म्हणतातच. पण इथे?

"बाबा, इथे कुणी असं बोलत नाही. लोक घाबरतात."

"अगं, जेवायला ये म्हटल्यावर कुणी घाबरतं का?"

तर त्या संध्याकाळी ती डबी घेऊन परत आली. आत हॉलमध्ये मंडळातल्या रत्नाकाकू पिठलं-भात वाढत होत्या आणि नेहमीप्रमाणे सगळे एकदम बोलत होते. बाबा तिथे नव्हते. त्या गोंगाटात त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून ते ताट घेऊन मागच्या व्हरांड्यात जाऊन बसले होते. व्हरांड्याला एक बाक. पुढे दहा पावलांवर जंगल सुरू.

काचेच्या दारातून तिने पाहिलं. बाबा हसत होते. हात हलवून काहीतरी सांगत होते. आई गेल्यापासून तिने त्यांना असं बोलताना पाहिलं नव्हतं.

ती दार सरकवून बाहेर गेली. बाकावर बाबा एकटेच होते.

"कोणाशी बोलत होतात?"

"एक गृहस्थ होते गं. तिथे झाडाशी उभे होते. मी म्हटलं, या जेवायला." बाबांनी बाकाची रिकामी बाजू दाखवली. "आले. बसले. माझं होईपर्यंत बसले होते."

"कोण? आपल्यातले?"

"विचारलं नाही. बोलत काही नाहीत. पण ऐकतात फार छान."

ती बाकावर बसायला गेली आणि उठली. बाक ओला होता. बाबांच्या बाजूचा कोरडा, तेवढाच भाग ओला. पाऊस आत आला असेल, असं म्हणून तिने गोळ्या दिल्या आणि विषय संपवला.

"थांबा," इला म्हणाली. "तिने डेब्राला विचारलं नाही? तिथे दुसरं कोण राहतं म्हणून?"

"विचारलं. डेब्रा म्हणाली, या आठवड्यात लॉजवर फक्त तुमचाच ग्रुप आहे."

"आणि तरी दुसऱ्या दिवशी—"

"दुसऱ्या दिवशी ती ऑन-कॉल होती, ऑफिसचा फोन आला की सगळं टाकून कामाला बसायचं," काका म्हणाले. "तुम्हाला कळेल लवकरच ऑन-कॉल म्हणजे काय."

शनिवारी सकाळी डेब्राने सगळ्यांना फिरवून आणलं. मोठमोठी झाडं आडवी पडलेली, आणि त्यांच्या अंगावर नवीन झाडं ओळीने उगवलेली. खाली मेपलची पानं, ताटाएवढी. बाबा मागे मागे राहत होते. एका वळणावर थांबून त्यांनी आडव्या खोडाकडे पाहत मान हलवली. ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

दुपारी साडेचारला उजेड जाऊ लागला. ज्ञानदा खोलीत आली, तर बाबा आरशासमोर उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट. केस विंचरलेले.

"कुठे निघालात?"

"त्यांच्याकडे. आज जेवायला बोलावलंय."

"कुणाकडे?"

"कालचे ते. उठताना हात केला ना त्यांनी, त्या बाजूला. काल ते आपल्या पंगतीला बसले. आता आपण नको जायला?"

ज्ञानदाचा फोन वाजत होता. कुठलीतरी सिस्टिम बंद पडली होती. ती म्हणाली, "बाबा, प्लीज. असलं काही नका बोलू कुणासमोर. वीस मिनिटं बसा इथे, मी आले."

"तू येतेस का माझ्याबरोबर?"

"वीस मिनिटं, बाबा!"

वीसची चाळीस झाली. ती परत आली तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. खोलीत कुणी नव्हतं. व्हरांड्यात नाही. हॉलमध्ये नाही. रत्नाकाकू म्हणाल्या, "अगं, ते मघाशी मागून गेले की. मी म्हटलं, एवढं नटून कुठे? तर म्हणाले, आमंत्रण आहे."

डेब्राने दोन टॉर्च काढले. ट्रेल गोल होती. एका बाजूने डेब्रा गेली, दुसऱ्या बाजूने ज्ञानदा.

सव्वापाच वाजले होते.

जंगलात शिरल्यावर लॉजचा आवाज एकदम बंद झाला. दार लावल्यासारखा. पाऊस नव्हता, पण झाडांवरून पाणी ठिबकत होतं. शेवाळाने सगळे आवाज गिळले होते. तिचीच हाक तिला नीट ऐकू येईना.

"बाबा!"

काही नाही.

सकाळचं वळण आलं. टॉर्चच्या उजेडात आधी पांढरा शर्ट दिसला.

बाबा आडव्या खोडासमोर जमिनीवर बसले होते. मांडी घालून.

पोरांनो, तीन वर्षं त्या माणसाचा गुडघा वाकत नव्हता. संडासाला सुद्धा…असो. ते मांडी घालून बसले होते. ताठ. हात धुतलेले. बोटांवरून पाणी गळत होतं.

"बाबा, उठा."

"हळू बोल. वाढतायत."

"कोण वाढतंय? कुणी नाहीये इथे!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ज्ञानदा म्हणते, ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते.

"ज्ञानू, सहा महिने मी तुझ्या भिंतीसमोर जेवलो. रोज. तुझी चूक नाही गं. पण भिंतीशी किती बोलणार? हे निदान बसले माझ्याजवळ. आणि आज स्वतःहून बोलावलं. मी नाही कसं म्हणू?"

तिने त्यांच्या तोंडावरचा टॉर्च खाली केला.

आणि मग तिला ऐकू आलं.

खोडाच्या मागे. पावलं. घाईची नाहीत. इकडून तिकडे. तिकडून इकडे. मध्ये थांबायची. पुन्हा निघायची. तिला तो आवाज माहीत होता. तुम्हालाही माहीत आहे. पाहुणे पानावर बसल्यावर स्वयंपाकघरात होतो, तो.

तिने टॉर्च तिकडे फिरवला नाही. फिरवता आला नाही, म्हणते.

बाबांचा हात धरला. थंडगार. ओढलं. ते हलले नाहीत. साठ किलोचा माणूस. जागचा हलेना.

पावलं खोडाला वळसा घालू लागली.

डावीकडून.

जवळ.

ओरडावं, तर कुणाला? डेब्रा दुसऱ्या टोकाला. इंग्रजीत बोलावं? मराठीत? काय म्हणायचं असतं अशा वेळी? हनुमान चालिसा तिला येत नव्हता. देवाचं काही येत नव्हतं. आणि मग तिच्या तोंडून आपोआप निघालं. लहानपणी नागपूरला शेजारच्या काकू जेवताना बोलावायच्या आणि हिला खेळायला पळायचं असायचं, तेव्हा म्हणायची तसं.

"होऊ द्या तुमचं," ती अंधाराला म्हणाली. "आमचं झालंय."

पावलं थांबली.

पाण्याचं ठिबकणंही…

किती वेळ, तिला सांगता येत नाही.

"झालंय ना आमचं, बाबा?" ती त्यांच्याकडे वळली. "मी नाही का वाढलं? सांगा ना त्यांना."

बाबांनी अंधाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिच्या पायात सपाता होत्या. खोलीतल्या. चिखलाने भरलेल्या.

"हो," ते हळूच म्हणाले. "मुलीने वाढलं. राग मानू नका."

आणि मग त्यांचा गुडघा दुखायला लागला. तिने दोन्ही हातांनी उठवलं. दोघं परत आली. मागे पाहिलं नाही. मागून कुणी आलंही नाही.

काकांनी मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखाने खरवडलं.

"संपली?" अंकुर म्हणाला. "म्हणजे म्हातारे एकटे होते, त्यांना भास झाला. आणि तिला भीतीने आवाज ऐकू आले. इट हॅपन्स."

"असेल," काका म्हणाले. "तीही तेच म्हणाली. रविवारी घरी आल्यावर तिने बाबांचं तिकीट पुढे ढकललं. ऑफिसला सांगितलं, सहानंतर मला फोन करू नका. रविवारी दोघं एकत्र जेवली. सोमवारी जेवली. मंगळवारी ते मोठं वादळ झालं, आठवतंय? आज गेली तशीच लाइट गेली होती. तेव्हाही दोघं मेणबत्ती लावून जेवली. बाबा तिला आईच्या गमती सांगत होते. ती म्हणते, मी नऊ महिन्यांत पहिल्यांदा आईसाठी रडले, आणि मला फार बरं वाटलं."

"मग झालं ना छान," इला म्हणाली.

काकांनी खिडकीकडे पाहिलं.

बाहेर वारा नव्हता. कुणाचीतरी गाडी गेली, तिचा उजेड छतावरून सरकला.

"आपल्याकडे," काका म्हणाले, "बोलावलेला माणूस नाही आला, तर काय करतात?"

अंकुरने इलाकडे पाहिलं.

"बुधवारी सकाळी ती उठली. सहा वाजले होते. रात्रभर त्या वाऱ्याने तिच्या बाल्कनीतल्या खुर्च्या उलट्यापालट्या केल्या होत्या. तुळशीची कुंडी फुटली होती. ती आवरायला दार उघडून बाहेर गेली. तिसरा मजला. बाल्कनीला बाहेरून जिना नाही.

"मधोमध फरशीवर मेपलची दोन मोठी पानं मांडली होती. शेजारी शेजारी. प्रत्येकावर दुसरं पान झाकलेलं. जराही हललेली नाहीत.

"तिने एक झाकण उचललं. वर टोकाला, मिठाच्या जागी, पांढऱ्या बारीक खड्यांची चिमूट. डावीकडे वाटलेलं शेवाळ, चटणीएवढंच. उजवीकडे नेच्याचे कोवळे कोंब, चिरून. आणि मध्ये काळ्या मातीची मूद. वाटीने पाडल्यासारखी, गोल.

"मग दुसरं उचललं. तेही तसंच.

"दोन्ही मुदींतून वाफ येत होती."